बायकोचा पन्नासावा वाढदिवस, निकितिन आणि दोघांचं टेबल

पोस्ट लांब आहे. दुपारी निवांत असाल तेव्हा वाचा.

फेब्रुवारीत आमच्या सौभाग्यवतींना पन्नास वर्षं पूर्ण झाली. मुलगा पनवेलला असतो. त्याचा आठवडाभर आधीच फोन. "बाबा, या वेळी घरी काही करायचं नाही. आईला चांगल्या रोमँटिक ठिकाणी डिनरला न्या. टेबल मी बुक करतो." मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर पाच लिंका. सगळीकडे समुद्र, मेणबत्त्या, पांढरे पडदे आणि दोन खुर्च्या. एकेक जागा बघत गेलो. पाचही आपल्याच किनाऱ्यावर, दुकानातून स्कूटर काढली तर अर्ध्या-पाऊण तासात पोचू अशा. आणि पाचातल्या एकातही मी कधी पाय ठेवला नव्हता.

हिला विचारलं, कुठे जाऊया? ही भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठेही न्या. फक्त जेवताना मला मधे उठायला लागू नये."

मी हसलो आणि दुकानात गेलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तुम्हाला माझी सवय माहीत आहे, एखादी गोष्ट डोक्यात बसली की मी जुनी पुस्तकं काढतो. नवरा-बायकोने समोरासमोर बसून जेवायचं, ही गोष्ट आपल्याकडे आली तरी कधी?

पहिला धागा मिळाला तो आपल्या गावातच. अफानासी निकितिन. आपल्याकडे त्याचं स्मारक आहे, येता-जाता आपण बघतो. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी 1469 च्या सुमारास होर्मुझहून गलबतात बसून चौलला उतरला, सोबत विकायला एक घोडा घेऊन. 1957 साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमाही निघाला होता. इथून तो जुन्नरला गेला, पुढे बिदरला बराच काळ राहिला. त्याने जे लिहून ठेवलं, त्यात राजेरजवाडे, हत्ती, बाजारभाव सगळं आहे. मला मात्र या वेळी त्याने जेवणाबद्दल लिहिलेलं परत वाचावंसं वाटलं.

तो सांगतो, की इथले हिंदू लोक भात खातात, तूप घातलेली खिचडी खातात, वेगवेगळ्या भाज्या खातात. उजव्या हाताने जेवतात, डावा लावत नाहीत. सुरी-चमचा नाही. कोणी परका आपल्या भांड्यात डोकावेल म्हणून जपतात, काहीजण तर जेवताना वरून कापड घेतात. आणि मग तो म्हणतो, की हे लोक एकमेकांबरोबर जेवत नाहीत, बायकोबरोबरसुद्धा नाही.

हे त्याने प्रामुख्याने बिदरकडे पाहिलेलं. तिथल्या लोकांना त्याने आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं, त्यांचा विश्वास बसला, मग त्यांनी त्याच्यापासून जेवण लपवणं सोडलं, घरच्या बायकांनाही लपवलं नाही. म्हणजे हे ऐकीव नाही, माणूस घरात बसून बघत होता. हजारो कोस लांबून आलेल्या माणसाला जे चमत्कारिक वाटलं, ते आपल्या लोकांना मात्र अगदी सवयीचं.

आता आपलं रेवदंडा घ्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे तटबंदी बांधून बसले. 1740 मध्ये मराठ्यांच्या ताब्यात ठाणं देऊन गेले, पण मागे बरंच काही ठेवून गेले. कोर्लईला आजही त्यांच्या भाषेतून तयार झालेली बोली बोलतात. आणि आपण सगळेच सकाळी चहाबरोबर जो पाव खातो, तो शब्द त्यांचा. बटाटा, काजू, कोबी हेही त्यांचेच. शब्द सगळ्यांच्या तोंडात गेले, पदार्थ सगळ्यांच्या ताटात गेले. ताटं मात्र वेगळी ती वेगळीच राहिली.

आपल्या गावात सगळ्या जातिधर्मांची वस्ती आहे. बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉग आहे. त्यांच्यात खवले नसलेला मासा चालत नाही, म्हणजे आपली जीव की प्राण कोलंबीसुद्धा नाही. मटणात दूध चालत नाही म्हणून त्यांनी नारळाचं दूध घेतलं. कोळीवाड्याची चूल वेगळी, आगरी घराची वेगळी, ब्राह्मण आळीतली वेगळी, मोहल्ल्यातली वेगळी. एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणारे लोक, पण जेवायला कोण कोणाच्या ओटीपर्यंत आणि कोण अंगणापर्यंत, हे ठरलेलं. आणि ज्यांना अंगणापर्यंतही येऊ दिलं नाही असेही लोक होते, ते विसरून चालणार नाही.

हे मोडायला सुरुवात झाली तीसुद्धा चोरून. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंगांनी परमहंस सभा काढली. गुप्त मंडळी. आत यायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. आज वडापाव खाताना आपल्याला हसू येईल, पण त्या काळी त्या एका घासापायी माणूस जातीबाहेर जायचा. पुढे सभासदांची यादी बाहेर पडली आणि सभा विस्कटली.

1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर बरीच नामवंत मंडळी जमली. चहा-बिस्किटं समोर आली. नंतर तिथे कोण कोण होतं ती नावं फुटली आणि केवढं रामायण झालं! ग्रामण्य बसलं, प्रायश्चित्तं झाली. हे प्रकरण घडवून आणणारा माणूस म्हणजे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. हे पोस्टातले कारकून आणि त्यांची एक बदली आपल्या अलिबागेत झाली होती, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. बायकोने शिकावं म्हणून हट्ट धरणारा हा माणूस. आणि ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून तिला मारणाराही हाच. सुधारणा सरळ रेषेत येत नाही, मंडळी.

मग 1927. आपला जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. महाडला 20 मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे आपण शाळेत शिकलो. त्याच दिवशी नंतर काय झालं ते कमी सांगितलं जातं. अस्पृश्य आता देवळात शिरणार अशी आवई उठली, जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आला. गावी परतण्याआधी लोक तिथे जेवत होते. त्यांना मारहाण झाली आणि शिजवलेलं अन्न मातीत तुडवलं. हे आपल्या घरापासून तीन-चार तासांच्या वाटेवर घडलेलं आहे.

तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. राजाने चहा प्यायल्यावर बरोबरच्या लोकांची पंचाईत झाली असणार! आणि 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना अमलात आली, तिच्या 15 व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेल हा शब्द लिहावासा वाटला, यातच सगळं आलं. टेबलावर कोण बसणार हा आपल्याकडे कायम मोठा प्रश्न होता.

पण नवरा-बायकोचं काय? घटनेने दार उघडलं, तरी बायको त्या दारातून आत गेली का?

मराठी माणसाचं बाहेर जेवणं सुरू झालं खाणावळीत. आणि खाणावळ म्हणजे बायको गावाला असलेल्या पुरुषाची जागा. कोकणातला, घाटावरचा माणूस गिरणीत नोकरीला, बायको गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळतेय, म्हणून हा महिन्याचे पैसे देऊन खाणावळीत जेवतोय. त्या खाणावळी चालवायच्या बायकाच. त्यांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कित्येक पुरुषांना वेळेवर गरम जेवण देणाऱ्या त्या बायका स्वतः कितीला जेवत असतील, विचार करा.

बायकोला घेऊन जाण्यासारखी जागा म्हणजे इराण्याचं हॉटेल. तिथेही 'फॅमिली रूम' वेगळी. लाकडी फळ्यांचं पार्टिशन, कुठे पडदा. बाई खाताना दिसू नये म्हणून. निकितिनने पाहिलेलं कापड साडेचारशे वर्षांनी पडदा होऊन आलं, एवढाच फरक! हायवेवरच्या ढाब्यांवर अजून पाटी दिसते, 'फॅमिली रूमची स्वतंत्र सोय'. आपण ती वाचून बरं वाटून घेतो. पण याचा अर्थ असाही होतो, की बाहेरची मोठी खोली बायकांची नाही.

आमच्या घरचं सांगतो. लग्नात नवरा-नवरीची पंगत असते, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. उखाणा घ्यायचा, एकमेकांना घास भरवायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे. माझ्या आई-वडिलांनीही भरवला होता, तशी आई सांगायची. तो पहिला आणि शेवटचा. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं वडील आधी जेवले, मग आम्ही पोरं, मग आई. कधी कधी वडिलांच्याच ताटात. कालवण संपलं असेल तर चटणी-भाकर. वडील वाईट नव्हते. आईला कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पण 'तूही बस' हे दोन शब्द त्यांना कधी सुचले नाहीत.

आणि मी? मी स्वतःला सुधारलेला समजतो, फेसबुकवर इतिहास सांगतो. आमच्याकडे आम्ही दोघं एकत्र जेवायला बसतो. पण गरम भाकरी आणायला ती उठते, मीठ आणायला ती उठते, पाणी संपलं की ती उठते, बेल वाजली तरी तीच उठते. सत्तावीस वर्षं ती जेवताना अर्धी उभीच आहे. म्हणूनच तिने सी व्ह्यू मागितला नाही, मेणबत्ती मागितली नाही. उठायला लागू नये, एवढंच मागितलं.

असो. मुलाने पाठवलेल्या जागांकडे वळतो, कारण त्यातही एक सार्वजनिक गोष्ट आहे.

मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, मुंबईवाल्यांच्या गाड्या थेट बोटीतून उतरायला लागल्या. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला. शुक्रवारी संध्याकाळपासून आपला रस्ता कसा वाहतो ते मी सांगायला नको. त्यांच्यासाठी चांगली, महागडी हॉटेलं झाली. मी याविरुद्ध नाही. आपल्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या, थेरोंडा-आग्रावच्या मासळीला गिऱ्हाईक मिळालं. आणि ज्या जागांवर ती उभी आहेत त्या आपणच विकल्या, हेही खरं.

पण मी टेबल ठरवायला फोन फिरवले तेव्हा काय झालं ते ऐका. एका ठिकाणी शनिवार-रविवारी माणशी ठराविक रक्कम आधी भरा, खा अगर खाऊ नका. एका ठिकाणी मुक्कामाला असणाऱ्यांनाच जेवण. तिसऱ्या ठिकाणी फोनवरचा माणूस फार अदबीने हिंदीत बोलत होता. "कहाँ से आ रहे हैं सर?" मी म्हटलं, रेवदंडा. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, जॉब के लिए दूसरा नंबर है."

मी फोन ठेवला. राग आला, खोटं कशाला बोलू. हिला सांगितलं तर ही खो-खो हसली. "विचारायचं तरी, पगार किती देतात."

त्या माणसाचा दोष नाही. त्याला अनुभव तसाच. रेवदंड्याहून फोन येतो तो नोकरीसाठीच. त्याने जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. घटनेचं कलम कुठेही मोडलं नाही. तरीही या टेबलावर कोण बसतो आणि कोण वाढतो हे त्याच्या डोक्यात ठरलेलं होतं. आणि माझ्याही डोक्यात ठरलेलं होतं, म्हणून तर इतकी वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो.

मग मी ठरवायची पद्धतच बदलली. फोटो बघणं बंद केलं. तीन गोष्टी बघायच्या ठरवल्या. एक, तिथे हिला काय खायचंय ते हिला विचारतील का, की मेनूकार्ड फक्त माझ्या हातात देतील? दोन, मासा आजचा आहे का आणि आपल्या बंदरावरचा आहे का? रोज मासळी निवडणाऱ्या बाईला शिळी सुरमई खिलवून रोमँटिक काही होत नाही. तीन, वाढणारा माणूस तिच्याशी तिच्या भाषेत बोलेल का?

नागाव-आक्षीच्या बाजूला एका नारळी-पोफळीच्या वाडीत एक जागा मिळाली. फार स्वस्त नाही, फार मिजासखोरही नाही. तिथलंच एक जोडपं चालवतं. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. शनिवार-रविवार टाळून बुधवार धरला. समुद्र दिसत नव्हता, पण गाज ऐकू येत होती. पोफळीखाली टेबल, त्यावर साधा कंदील. मराठीत लिहिलेला फळा. आणि त्या दिवशी जिताडा होता! ज्यांना जिताडा म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सोबत आपला अलिबागचा पांढरा कांदा, नुकताच यायला लागलेला.

वाढायला आलेला मुलगा थेरोंड्याचा निघाला. माझ्या दुकानातून वह्या नेलेला. "काकू, तुम्ही?" हिला आधी अवघडल्यासारखं झालं. ओळखीच्या पोराने आपल्याला वाढायचं? भाताचं भांडं आलं तशी ही सवयीने घ्यायला उठली. पोरगा म्हणाला, "बसा हो काकू. तुम्ही नका उठू."

ती बसली.

पण जिताड्याचा सगळ्यात चांगला तुकडा तिने उचलला आणि माझ्या ताटात टाकला. मी तो उचलून परत तिच्या ताटात ठेवला. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, लोक बघतायत." लोक म्हणजे कोण, तर शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब, आपल्याच माशाचे काटे काढण्यात गुंतलेलं. कोणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी काय, म्हणा.

दीड तास बसलो. मी घड्याळ लावून नव्हतो, पण दीड तासात ही एकदाही उठली नाही. सोलकढी दोनदा मागून घेतली. स्वतःच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी सत्तावीस वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या. ऐकणार कधी? जेवताना ती बसलेलीच नसायची.

बिल अठराशे साठ झालं. घरी आल्यावर म्हणाली, "कालवणात मीठ जरा जास्त होतं." म्हणजे आवडलं.

मुलाने विचारलं, रोमँटिक झालं का? मी म्हटलं, झालं. त्याला मी निकितिनबद्दल सांगायला गेलो तर म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे."

निकितिन आज परत आपल्या बंदरात उतरला आणि त्याने आपल्या घरांत डोकावून पाहिलं, तर काय लिहील? काही घरांबद्दल वेगळं लिहील. काही घरांबद्दल तेच लिहील, हे आपण कबूल केलं पाहिजे. साडेपाचशे वर्षांत दारं कायद्याने उघडली, पूल झाले, बोटी आल्या. पण ताट वाढल्यावर 'तूही बस' म्हणायला कोणतंही कलम लागत नाही.

दोन विनंत्या करतो आणि थांबतो. आपल्या भागातल्या हॉटेलवाल्या मित्रांनो, मेनू मराठीतही लिहा, आणि सोमवार ते गुरुवार तुमची टेबलं रिकामी असतात तेव्हा गावातल्या लोकांसाठी परवडेल असा दर ठेवा. रेवदंड्याहून फोन आला तर तो गिऱ्हाईकाचाही असू शकतो.

दुसरी विनंती घरातल्यांना. आमच्याकडे आता भात, कालवण, भाकऱ्या, मीठ, पाण्याचा तांब्या, सगळं आधी मधोमध आणून ठेवतो आणि मगच बसतो. काही राहिलंच तर मी उठतो. सुरुवातीला मला कुठे काय असतं तेच सापडत नव्हतं, मिठाचा डबा शोधायला पाच मिनिटं लागली. आता सापडतो.

तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? खाली लिहा. आणि आई हयात असेल तर तिला विचारून लिहा, आपल्या अंदाजाने नको.